घरातला आजीचा वाटा

काका जाईपर्यंत आमच्या दोन्ही घरांत कोणी कोणावर संशय घेत नव्हतं. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे अशी काही वर्षं आली की एकाने पुढे केलेला चहासुद्धा दुसऱ्याने सरळ मनाने घेतला नाही.

आमचं घराणं झाशीतलं जुनं. पूर्वजांपैकी कोणी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आला आणि इथलाच झाला, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही खंडेराव गेटजवळ दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, शिकवायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही. काका बाबांपेक्षा धाकटे. ते झाशीजवळच्या बबीन्याला फौजेच्या भांडारात बिगरलष्करी कारकून होते आणि रोज बसने जाऊन येऊन करायचे. तिथेच त्यांची गाठ साताऱ्याकडच्या एका सुभेदाराशी पडली आणि त्या सुभेदाराची मुलगी आमची काकू झाली.

काकूला आमचं मराठी ऐकून हसू यायचं. आम्ही ‘खाना झाला का’ विचारायचो, ‘झाडू लावते’ म्हणायचो. ती म्हणायची, “तुमचं मराठी म्हणजे निम्मं भैयाचं.” मनातून तिला आम्ही निम्मे परकेच वाटत असू. पण काका होते तोवर ते थट्टेवारी निघायचं.

काकांनी सिविल लाइंसच्या पलीकडे, नव्या वस्तीत, एकमजली घर बांधलं होतं. आजी त्यांच्याकडेच राहायची. आमचा जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हता आणि तिथे न्हाणी खोलीला लागून होती. काकांना एकच मुलगी. माझ्याहून वर्षाने लहान, मला ताई म्हणायची. आम्ही दोघी एकाच कॉलेजात जायचो, एकाच टेम्पोने, म्हणजे इकडच्या शेअर रिक्षाने.

काकांना एका गोष्टीचा अभिमान होता. बँक, पोस्ट, ऑफिस, जिथे जिथे कागदावर जागा दिसली तिथे तिथे त्यांनी काकूचं नाव नॉमिनी म्हणून घातलं होतं. “उद्या मला काही झालं तर हिला कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही,” असं ते जेवताना चारचौघांत सांगायचे. मृत्युपत्राचा विषय एकदा बाबांनी काढला तेव्हा ते हसले होते. “ते राजेरजवाड्यांचं काम. आपलं काय, बायको आहे, तिचंच सगळं.”

एका सकाळी भांडारात काम करता करताच ते खुर्चीवरून घसरले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरावं झाल्यावर बँकेचं आणि पोस्टाचं काम खरोखरच झटपट झालं. त्यामुळे काकूला वाटलं, घराचंही तसंच होईल. नगरपालिकेत घरावर नाव चढवायचं, ज्याला इकडे दाखिल-खारिज म्हणतात, त्यासाठी ती निघाली. बाबा सोबत गेले आणि मीही गेले. खिडकीमागच्या बाबूने अर्ज पाहिला आणि मान वर न करता विचारलं, “मृतक की माताजी जीवित हैं?”

“जी हाँ,” बाबा म्हणाले.

“तो पत्नी, बेटी और माताजी, तीनों वारिस हैं. तीनों के दस्तखत लगेंगे.”

 परतीच्या टेम्पोत काकू पदर घट्ट धरून बसली होती. किल्ल्याच्या चढाला टेम्पो हळू झाला तेव्हा ती म्हणाली, “भाऊजी, तुम्ही हो म्हणालात.”

“आई आहे ना जिवंत,” बाबा म्हणाले.

“आहेत. पण तुम्ही लगेच म्हणालात.”

बाबांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते बाहेर बघू लागले. माझ्या आठवणीत संशय आमच्या घरात शिरला तो त्या टेम्पोत.

पुढच्या रविवारी काकूचा भाऊ आला. तोही फौजेत होता, बबीन्यालाच त्याची बदली झाली होती. माणूस वाईट नव्हता. बहिणीवर जीव होता. पण त्याला सगळीकडे शत्रू दिसायचा आणि बोलणं हुकमासारखं असायचं. तो ओसरीवर बसून म्हणाला, “नॉमिनी तू. बायको तू. बाकीचे पाव्हणे. त्या बाबूला कोणीतरी शिकवलंय.” त्याने घराचे कागद एका लोखंडी ट्रंकेत भरले आणि ट्रंक बबीन्याला नेली. आपण घर विकून साताऱ्याला जायचं, तिथे भावाच्या शेजारी जागा घ्यायची, असं काकूने तेव्हाच ठरवलं असावं. आम्हाला ते बाहेरून कळलं. घर बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने बाबांच्या शाळेतल्या शिपायाला सांगितलं आणि शिपायाने बाबांना.

आजीचं वय झालं होतं, पण तिच्या कानांना आणि डोक्याला काही झालं नव्हतं. घरात लोक हळू आवाजात बोलायला लागले की तिला ते जास्त ऐकू यायचं. एक दिवस काकूने तिच्यासमोर स्टॅम्प पेपर ठेवला. कचहरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात, टंकलेला, हिंदीत.

“आत्याबाई, इथं सही करा.”

“काय आहे?”

“काय नाही. घर माझ्या नावावर करायचं, तेवढंच.”

“ठेव इथं. बघते,” आजी म्हणाली, आणि कागद उशीखाली सरकवला. काकूने दोनदा परत मागितला. आजीने दिला नाही.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून अंगणाकडे बघत होती. मी विचारलं, बरं आहे ना. ती शांतपणे म्हणाली, “चहा आला की मी एक घोट घेते आणि थांबते. बघते काही होतंय का. मग उरलेला पिते.” मला हसू आलं. ती हसत नव्हती.

हे मी घरी सांगितलं आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी रिक्षा केली. काकू फाटकात उभी होती. आजीचं गाठोडं रिक्षात चढलं, मग आजी चढली. आमचा जिना आजीने बसत बसत चढला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझी चुलत बहीण माझ्या शेजारी बसली नाही. मधल्या सुट्टीत मीच गेले.

“आजीला का नेलंत?” तिने विचारलं.

“तिला तिथे बरं वाटत नव्हतं.”

“इतकी वर्षं बरं वाटत होतं. बाबा गेले आणि एकदम वाटेनासं झालं?” मग म्हणाली, “आई म्हणते, तुम्ही तिच्याकडून लिहून घ्यायला नेलंय.”

मी नाही म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या ‘नाही’चं वजन करत होती, आणि मला ते दिसत होतं. त्या दिवसापासून ती दुसऱ्या टेम्पोने जायला लागली.

आमच्या घरी येऊन आजीचा संशय संपेल असं बाबांना वाटलं होतं. तसं झालं नाही. बाबा म्हणाले, “आई, एकदा वकिलाला विचारून घेऊ,” तर ती म्हणाली, “म्हणजे तूही कागद आणणार.” बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. शेवटी तिनेच दोन दिवसांनी सांगितलं, “चल. पण पोरगी सोबत पाहिजे. तू बोललास ते आणि वकील बोलला ते एकच आहे का, ते ती ऐकेल.”

वकील सिविल लाइंसमध्ये राहायचे. म्हातारे, कोर्टात जाणं जवळजवळ सोडलेलं. बाबांनी त्यांच्या मुलाला शिकवलं होतं, तेवढीच ओळख. त्यांनी आधी आजीला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि मग बाबांना म्हणाले, “मास्टर साहब, आप ज़रा चुप रहिएगा.” आजीला ते आवडलं. तिने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला स्टॅम्प पेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “अम्माजी, यह दानपत्र है. इसकी रजिस्ट्री हो जाए तो आपका हिस्सा उसी दिन बहू का हो जाएगा. फिर वापस नहीं होता.”

“आणि मी राहायचं कुठे?” आजीने मराठीत विचारलं. मी हिंदीत सांगितलं.

“वह इसमें नहीं लिखा.”

मग त्यांनी सगळं सावकाश समजावलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक ज्याच्या हातात रक्कम देते तो नॉमिनी. पुढे ती वारसांची असते, ती त्याने त्यांना द्यायची असते. घराला तर असा नॉमिनीच नव्हता. नगरपालिकेच्या वहीत नाव चढणं म्हणजे घरपट्टी कोणाकडून वसूल करायची ते कळणं, त्याने मालकी ठरत नाही. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर त्याची बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा. म्हणजे घराचे तीन वाटे, त्यातला एक आजीचा. काकांनी एका साध्या कागदावर ‘घर बायकोला’ असं लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही केली असती तर यातलं काहीच झालं नसतं. स्टॅम्प पेपरही लागला नसता.

बाबांच्या तोंडाला कुलूप होतं तरी ते न राहवून म्हणाले, “और अगर अम्मा कुछ न लिखें तो?”

“तो अम्माजी का हिस्सा आधा आपका, आधा आपकी भतीजी का.”

बाबा खाली बघू लागले. मला वाटतं, काकूच्या घरात आपला वाटा निघू शकतो हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि काकूचा संशय कायद्याच्या दृष्टीने अगदीच हवेत नव्हता हेही.

आजीने एकच प्रश्न विचारला. “दान दिलं की गेलं. आणि मृत्युपत्र?”

“वसीयत जब चाहें बदलिए. आख़िरी वाला चलेगा. और वह आपके बाद ही लागू होगा.”

“मग मृत्युपत्र करते,” आजी म्हणाली. “आणि मनात आलं की बदलीन.”

घरी आल्यावर आईने सगळं ऐकलं. आधी ती म्हणाली, “मृत्युपत्राचं नाव काढू नका. घरातला एक नुकताच गेलाय, त्यात हे अभद्र कशाला.” मग संध्याकाळी, भाजी निवडताना, ती बाबांना हलकेच म्हणाली, “नाही लिहिलं तर आपल्याला निम्मा येतो ना? कायद्यानंच येतंय, त्यात वाईट काय? आपल्यालाही मुलगी आहे.”  आतल्या खोलीत आजी होती. त्या दिवसापासून मृत्युपत्राबद्दल ती आईसमोर बोलेनाशी झाली.

लिहायला तिने मलाच बसवलं. आई देवळात गेली होती आणि बाबांना तिने खाली पाठवलं. “लिही. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे आधी लिही.” मी लिहिलं. मग तिने सांगितलं की तिचा वाटा धाकट्या नातीला, म्हणजे काकांच्या मुलीला.

“काकूला का नाही?” मी विचारलं.

“तिला दिला तर ती विकेल आणि भावाच्या दारात जाऊन राहील. भावाच्या दारात विधवेचं काय होतं ते माझ्या नणंदेचं मी पाहिलंय. पहिले सहा महिने ताट, मग वाटी.” मग म्हणाली, “पोरीच्या हातात असला तर ती आईला बाहेर काढणार नाही. काढलंच तर पोरगी नालायक निघाली म्हणायचं.”

“मग काकूला सांगून टाक ना. तिचा जीव शांत होईल.”

“सांगितलं तर ती उद्यापासून गोड बोलेल. आणि ते गोड बोलणं खरं की वाट्यासाठी, ते मला मरेपर्यंत कळणार नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू बोललीस तर बदलीन. तुझ्या बापाच्या नावाने करीन. मग बसा भांडत.”

नोंदणी करणं सक्तीचं नाही, असं वकील म्हणाले होते. पण आमच्या घरातली हवा बघून त्यांनीच सुचवलं, करून टाका. साक्षीदार म्हणून गल्लीतले डॉक्टर आणि वकिलांचे मुंशी आले. घरातलं कोणी नाही. रजिस्ट्री कचेरीत अधिकाऱ्याने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि आजीला एकटीला विचारलं की कोणाचा दबाव तर नाही. दार नीट लागत नव्हतं. आजीचा आवाज आला, “दबाव तो सबका है बेटा. इसीलिए तो आई हूँ.”

झाशी मोठं शहर नाही. आजीला बाबांबरोबर कचहरीत कोणीतरी पाहिलं आणि ती बातमी काकूकडे पोचली. तिच्या भावाने तिथल्या एका दलालाला गाठून नक्कल काढायचा प्रयत्न केला. माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या मृत्युपत्राची नक्कल दुसऱ्याला मिळत नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं. यावरून त्या दोघांनी काय समजायचं ते समजलं.

काकू आमच्याकडे आली ती एकटीच आली. भावाला न सांगता आली होती, हे नंतर कळलं. जिना चढून दमली होती. आईने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

“आत्याबाई, काय लिहिलंत?”

“मी गेल्यावर वाच.”

“भाऊजींच्या नावाने केलंत?”

“मी गेल्यावर वाच म्हटलं ना.”

काकू माझ्याकडे वळली. “तू लिहिलंस म्हणे.” मी हो म्हणून मान हलवली. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी स्वयंपाकघरात जायचं निमित्त शोधायला लागले.

मग ती आजीला म्हणाली, “घरी चला.”

“का?”

“इथं जिना आहे. तुमचे गुडघे…”

“वाट्यासाठी नेतेस का?” आजीने विचारलं.

 काकूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं की कशाचं, मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, “होय. वाट्यासाठीच म्हणा.”

“हे बरं बोललीस,” आजी म्हणाली. “गाठोडं बांधा माझं.”

बाबांना ते पटलं नव्हतं. आईला तर मुळीच नाही. पण आजी जिन्यावरून बसत बसत उतरली आणि काकूच्या रिक्षात जाऊन बसली.

पुढची वर्षं त्या दोघी एका छताखाली राहिल्या, आणि त्यांचं कसं चाललं होतं ते आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळायचं. आजी चहाचा एक घोट घेऊन थांबते, हे काकूने कधीतरी ओळखलं असणार.  मी गेले तेव्हा पाहिलं की काकू चहाचं पातेलंच खाटेपाशी आणते, आजीसमोर दोन कपांत ओतते आणि आधी स्वतः पिते. मग आजी पिते. थंडीत काकू तिच्या गुडघ्यांना तेल लावायची. आजी म्हणायची, “एवढं कशाला?” काकू म्हणायची, “तुमचा वाटा आहे ना घरात, मोडून कसं चालेल.” हे त्या अगदी गंभीर चेहऱ्याने बोलायच्या. हा त्यांचा विनोद होता की नव्हता, याबद्दल माझ्यात आणि बाबांत मतभेद होता.

काकूच्या मनातलं काही कमी झालं नव्हतं. आजी मला जवळ बसवून काही बोलली की ती दाराशी येऊन उभी राहायची. बाबा भेटायला गेले तर निघताना त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघायची.

माझी बहीण बी.ए. होऊन बबीन्याच्या एका शाळेत शिकवायला लागली. एक दिवस ती रस्त्यात भेटली तेव्हा तिने सरळच विचारलं, “ताई, आजीचा वाटा तुझ्या नावावर आहे का?”

“नाही.”

“मग तुझ्या बाबांच्या?”

मी गप्प राहिले. गप्प राहणं हेही उत्तर असतं, हे मला कळत होतं, आणि ते चुकीचं उत्तर तिच्यापर्यंत पोचतंय हेही. पण नाही म्हटलं असतं तर उरलं कोण? तिने मान डोलावली आणि बस आली म्हणून निघून गेली. माझ्या लग्नाला ती आली, जेवली, फोटोत उभी राहिली. माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल.

आजी गेली ती काकूच्या घरीच, दुपारी, काकू जवळ असताना. सगळे विधी झाल्यावर बाबांनी नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल काढली आणि काकूच्या ओसरीवर वकिलांच्या मुंशींनी ती वाचली. काकूचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. नाव आलं तेव्हा माझी बहीण म्हणाली, “परत वाचा.” मुंशींनी परत वाचलं.

मला वाटलं होतं, आता काकूच्या छातीवरचा दगड उतरेल. ती म्हणाली, “हे शेवटचं आहे कशावरून? त्या सारख्या म्हणायच्या, मनात आलं की बदलीन.”

तिने आजीची पेटी उपसली, गादी उसवली, उशीतला कापूस चाळला. भावाला घेऊन रजिस्ट्री कचेरीत जाऊन आली. दुसरं काही निघालं नाही. बाबांनी लिहून दिलं की त्यांना या मृत्युपत्राबद्दल काहीही हरकत नाही. तो कागद भावाने उजेडात धरून पाहिला.

मग काकूच्या हळूहळू लक्षात आलं की घराचे आता दोनच मालक आहेत. एक वाटा तिचा, दोन मुलीचे. विकायचं तर मुलीची सही हवी, आणि मुलगी विकायला तयार नव्हती. तिची नोकरी बबीन्याला, तिला साताऱ्यात कोणी ओळखत नव्हतं. तिचं झाशीचं मराठी ऐकून तिथे लोक हसले असते. काकू आमच्याकडे येऊन आईला म्हणाली, “जाऊबाई, म्हातारीनं मला माझ्याच लेकीच्या दारात बसवलं.” आई तिला म्हणाली, “लेक आहे, परकी नाही.” काकू म्हणाली, “लेकच आहे म्हणून तर बोलता येत नाही.” काही काळ ती मुलीचंही टपाल आधी स्वतः उघडून बघायची.

भाऊ निवृत्त होऊन साताऱ्याला गेला आणि काकू त्याच्याकडे राहायला गेली. मोठी बॅग घेऊन गेली होती, कायमची जाते आहे असं म्हणत. पावसाळा संपायच्या आत परत आली. तिथे काय झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही. स्टेशनवर तिला आणायला माझी बहीण गेली होती. ती मला म्हणाली, “आई गाडीतून उतरली आणि घराची किल्ली मागितली. बाकी काही नाही.”

त्याच सुमारास माझी बहीण आणि मी पुन्हा बोलायला लागलो. ती आमच्याकडे आली होती. जेवण झाल्यावर भांडी पुसताना म्हणाली, “तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“हो.”

“आणि मी तुझ्याबद्दल काय काय बोलले असेन त्या वर्षांत.”

“मला काही ऐकू आलं नाही.”

“तू सांगायला हवं होतंस ताई. आजीला काय कळणार होतं?”

“तिला कळलं असतं,” मी म्हटलं. तिने ताट पुसून ठेवलं, आणि जरा वेळाने म्हणाली, “हो, कळलं असतं.” आधीसारखं आमचं झालं नाही. पण आता फोन येतो, आणि सणाला तिच्याकडून डबा येतो.

आमच्या घरातही काही गोष्टी राहून गेल्या. आजीचं मृत्युपत्र मी लिहिलं आणि आईला सांगितलं नाही, हे तिने बरेच दिवस मनात धरलं. बाबांनी त्यानंतर स्वतःचं मृत्युपत्र केलं, जेवणाच्या ताटावर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि सगळं आईला दिलं. आईने ऐकून घेतलं. आठवड्याने मला घेऊन गुपचूप वकिलांकडे गेली आणि कागद पुढे करून विचारलं, “इसमें जो पढ़ के सुनाया, वही लिखा है ना?” वकील हसले नाहीत. त्यांनी तिला पूर्ण वाचून दाखवलं.

मला आता लोक विचारतात, तुझं केलंस का. केलंय. नवऱ्याला सांगितलं तर त्याने आधी विचारलं, डॉक्टर काही म्हणाले का. मुलांना सांगितलं तर ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. ती नजर मी ओळखते. म्हणून कोणाला काय आणि का, ते त्याच दिवशी दोघांना एकत्र बसवून सांगितलं. ती नजर गेली असेल अशी आशा आहे. खात्री नाही.

काकूने आपल्या वाट्याचं मृत्युपत्र खूप उशिरा केलं. एका दुपारी डॉक्टरांना घेऊन ती आमचा जिना चढून आली आणि बाबांना म्हणाली, “भाऊजी, साक्षीला तुम्ही पाहिजे. यात तुम्हाला काही मिळणार नाही, म्हणून.”

बाबांनी चष्मा लावला. काकूने त्यांच्यासमोर सही केली, मग डॉक्टरांनी, मग बाबांनी. बाबांनी मजकुरावर नजरही टाकली नाही.

“वाचलं नाहीत?” काकूने विचारलं.

“साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. तू सही केलीस हे मी पाहिलं, तेवढंच माझं काम.”

काकूने कागद घडी करून पिशवीत ठेवला. चहा घेतला, पूर्ण प्यायली. आईशी गुडघ्यांबद्दल बोलली. जाताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली, मला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुझे बाबा रागावलेत का गं माझ्यावर?”

मी म्हटलं, “नाही काकू.”

“मग वाचलं का नाही?” असं म्हणून ती कठडा धरून खाली उतरू लागली.